दहावी पावती

९ जुलै

धाकटे महाराज यांस,

तुझं पत्र मिळालं. साडेपाच वर्षांनी आलेल्या पत्राला 'मिळालं' हे क्रियापद अपुरं पडतं, पण सध्या माझ्याकडे दुसरं नाही. पाकिटावरचं अक्षर बघून मी आधी हात धुतले, मग चष्मा पुसला, मग चहा टाकला आणि तो गाळायचा विसरून पाकीट फोडलं.

आत चार वाक्यं निघाली. जूनचं भाडं जमा झालेलं नाही. भाडेकरूकडे चौकशी कर. असं याआधी कधी झालं नव्हतं. तू बरी आहेस ना?

लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात जन्म गेल्यामुळे कुठलंही वाक्य चारदा वाचायची मला खोड आहे. पहिल्या तिन्हींत काही दुरुस्ती नाही. चौथ्याचं उत्तर: बरी आहे.

फोन करत नाही. आई गेल्यावर तू लिहिलं होतंस की माझा आवाज कानावर पडला की तुला 'साधा ताप आहे, काळजी करू नकोस' एवढंच ऐकू येतं. ते मला पटलं होतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून हा कागद.

तर तुझे भाडेकरू. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. आईची कवळी ज्यांनी केली, तेच हे. स्वतः दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य पुढे बसून लोकांच्या तोंडात बघतात, हे मागे बसून त्यांच्यासाठी दात घडवतात. उंच, खांद्यात वाकलेले, नखांत कायम गुलाबी मेण. आई राहायची त्या तुझ्या घरात, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे, वरच्या फळीवर सात-आठ कवळ्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि त्या सगळ्या हसत असतात. अशा श्रोत्यांसमोर थकलेल्या भाड्याचा विषय काढायला किती धैर्य लागतं, ते तुला तिकडे बसून कळणार नाही.

मी काढला. "शनिवारी नक्की," म्हणाले. कुठल्या शनिवारी, ते अध्याहृत ठेवलं. लोक हल्ली दात नसतानाही समाधानी राहायला लागलेत, त्यामुळे धंद्यात ओढाताण आहे, असं काहीसं कारण होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन. तू तिकडून तडकाफडकी काही करू नकोस.

ताई

ता. क. उत्तर पाठव. म्हणजे मी काय करायचं ते मला कळेल.


२ सप्टेंबर

धाकटे महाराज,

दोन पानं, पाठपोट. आणखी काही आहे का म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

तू चिडला आहेस हे अक्षरावरून दिसतं. रागात तुझा 'र' अजूनही दुसरीतल्यासारखा ओळ सोडून उडतो. मी मऊ आहे, मला कोणीही गुंडाळतं, आणि माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर एव्हाना भाडं वसूल होऊन वर माफीपत्रही हातात पडलं असतं, हे तिन्ही आरोप मान्य.

तिकडे घर घेतो आहेस, हे मला याच पत्रातून कळलं. किती खोल्या? खिडकीतून काय दिसतं? पुढच्या पत्रात लिही. त्यासाठी इकडचं विकायचं, आणि विकायचं तर ते आधी रिकामं हवं, हेही समजलं. म्हणजे प्रश्न आता एक-दोन महिन्यांच्या भाड्याचा राहिला नाही. तीन महिने थकवणाऱ्याला बाहेर काढायला निमित्त शोधावं लागत नाही, असं तू लिहितोस. अगदी खरं आहे. निमित्त आयतं आहे.

मी गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. ती ग्रंथालयात कामाला आहे, त्यामुळे घरातही हळूच बोलते. "ते घरी नाहीत," म्हणाली. तिच्यामागे पडदा होता आणि पडद्याखाली दोन पाय. एकात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. मी पायांकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघींनी मिळून पाण्याच्या टाकीविषयी पाऊण तास चर्चा केली. माणूस इतका वेळ न हलता उभा राहू शकतो का, ते मला बघायचं होतं. शेवटी पडदा शिंकला.

"वारा सुटलाय," ती म्हणाली.

हसू नकोस. किंवा हस, मी कुठे बघायला येणार आहे.

आईची खोली तशीच कुलूपबंद आहे. किल्ली माझ्याकडे. 'मी आलो की सामानाचं बघू' असं तू तेव्हा लिहिलं होतंस, म्हणून मी काही बघितलेलं नाही. घर विकायचं झालं तर ते बघावं लागेल, एवढं लक्षात आणून देते.

ताई


२१ ऑक्टोबर

धाकटे महाराज,

तू हसलास. पडदा शिंकल्याचं वाचून कचेरीत मोठ्यानं हसलास, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं आणि तुला तिला काही समजावून सांगता येईना, हा सगळा परिच्छेद मी तीनदा वाचला. कामाची मुद्रितं दोन दिवस पडून राहिली. प्रकाशक ओरडला. ओरडू दे.

'हे सगळं मी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं' असं तू पुढे लिहिलं आहेस. ऐकलं असशील. देणं चुकवण्याच्या कलेत माणसांनी फारसे नवे शोध लावलेले नाहीत.

जुन्या घरमालकाची आठवण तू काढलीस ते बरं केलंस. मला वाटलं होतं, तू विसरलास. तू सात वर्षांचा होतास, मी चौदाची. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आईनं एकदाही भाडं थकू दिलं नव्हतं. त्या महिन्यात मालक जिन्यातच भेटले. तिनं तिथंच पैसे मोजून दिले. ते म्हणाले, "पावती उद्या पाठवतो." तो 'उद्या' उजाडला आणि ते स्वतःच आले, भाडं मागायला. आई पावती दाखवू शकली नाही आणि ते ऐकायला तयार झाले नाहीत. तिनं एकाच महिन्याचं भाडं दोनदा भरलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिलाईचं काम दुप्पट घेतलं. तू मशीनखाली बसून म्हणाला होतास, "माझं घर झालं की मी सगळ्यांना पावती देईन." आई सुई ओवता ओवता थांबली होती. हे तुला आठवत नसेल, तू मशीनच्या खाली होतास.

म्हणूनच घर भाड्यानं देताना तुझी एकच अट होती. भाडं परस्पर बँकेत नको. त्यांनी ते ताईच्या हातात द्यायचं, ताईनं त्यांच्या हातात पावती द्यायची, मग बँक. इतक्या यंत्रांच्या जगात अशी अट घालणारा मालक दातवाल्यांना वेडसर वाटला होता. मला वाटला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. 'डिसेंबरात मीच येऊन त्या माणसाला बघतो' असं तू शेवटी लिहिलं आहेस, अगदी कोपऱ्यात, जागा संपत आली तिथे.

ये.

ताई


६ डिसेंबर

धाकटे महाराज,

तुझ्यासाठी माझ्याकडची आतली खोली लावून ठेवली आहे. पुस्तकांच्या तीन चळती भिंतीकडे सरकवल्या आणि पलंग सापडला. चादर नवी आहे. उशी जुनी, पण सज्जन आहे.

काल आईची खोली उघडली. तुझ्याशिवाय उघडायची नव्हती, पण सहा वर्षांची धूळ तुझ्या नाकात जाणं बरं नाही. लहानपणापासून तुझं नाक राजघराण्यातलं. कुलूप अडून बसलं होतं. दातवाल्यांनी त्यांचं बारीक तेल आणलं, दाताची कड तपासावी तसं कुलपाला डोळा लावून पाहिलं आणि दोन थेंबांत उघडलं. मग गादी पाठीवर घेऊन गच्चीवर नेली. थकबाकीदार असले तरी पाठ मजबूत आहे. त्यांच्या बायकोनं खिडकी पुसली. सहा वर्षं ती बंद दारासमोरचा केरही रोज काढते आहे, हे मला कालच कळलं. उंबऱ्यापाशी धुळीची रेघ आतल्या बाजूनं होती, बाहेरच्या बाजूनं नव्हती.

सामान फार नाही. शिवणयंत्र. एक खुर्ची, जिच्यावर ती बसायची आणि दुसरी, जिच्यावर ती कपडे बसवायची. तुझी पत्रं दोऱ्याच्या रिकाम्या खोक्यात, तारखेनुसार. चष्मा. आणि खिडकीतल्या पेल्यात, कोरडी पडलेली, तिची कवळी. दातवाल्यांनी ती उचलून उजेडाकडे धरली, उलटी केली. "माझ्या हातची आहे," म्हणाले. "डावीकडे जरा टोचायची त्यांना. घासून देतो म्हटलं होतं, राहून गेलं." मग ती धुवून पुन्हा पेल्यात ठेवली.

हे वाचून तू म्हणशील, ताई त्या लबाडाच्या बाजूची झाली. तसं काही नाही. भाड्याचं तू आल्यावर समोरासमोर बसून बोलू. तिघंही असू. कागदावर काही गोष्टी नीट बसत नाहीत.

विमानाची तारीख कळव. जेवणात हल्ली काय चालतं आणि काय नाही, तेही.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

तू येत नाहीस, ते समजलं. नव्या घराचे कागद त्याच आठवड्यात आले, सुट्टी गेली. असं होतं.

पण पुढचं समजलं नाही. 'आता पुरे झालं. इथूनच तिकडचा एक वकील बघितला आहे, तो त्याला पंधरा दिवसांत घर रिकामं करायची नोटीस देईल. तुझी सगळी पत्रं मी त्याच्याकडे पाठवली आहेत, त्यात सगळं आहेच. आईच्या सामानाचं काय ते तू ठरव. तुला यापुढे यात पडायचं कारण नाही, लिहायचा त्रासही घेऊ नकोस.'

मला त्रास नाही.

मी पुन्हा लिहिते, कारण अक्षर कधीकधी लागत नाही. मला त्रास नाही. नोटीस थांबव. ते भाडं देतील. मी शब्द देते. सगळं, जूनपासूनचं, एकदम देतील. एक महिना थांब. पंधरा दिवस थांब.

या पत्राचं उत्तर लगेच पाठव, तारेसारखं एका ओळीचं चालेल.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. नोटीस आली.

ती आल्याचं मला पाच तारखेला कळलं. दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी साडेदहाला दातवाले माझ्याकडे येतात. इस्त्रीचा सदरा घालून येतात, बसायला सांगेपर्यंत बसत नाहीत. त्या दिवशीही आले. एका हातात पाकीट होतं, दुसऱ्या हातात घडी केलेला लांब कागद. पाकीट त्यांनी नेहमीसारखं टेबलावर ठेवलं.

"आधी पावती लिहा, बाई."

मी लिहिली. फेब्रुवारीचं भाडं मिळालं, तारीख, सही. त्यांनी ती वाचली, शाई वाळू दिली, मग दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे परवा आलं. जूनपासून आम्ही भाडं दिलेलं नाही, असं म्हणतात. मालकांची बहीण आली की मी पडद्यामागे लपतो, असंही आहे." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "आमच्याकडे पडदा नाहीये. टेबलावर उजेड लागतो म्हणून मी पहिल्या दिवसापासून लावलेलाच नाही."

आणि खिशातून त्यांनी टाचणी लावलेल्या आठ पावत्या काढल्या. जून ते जानेवारी. सगळ्यांवर माझं अक्षर.

हे वाचून तुला जे कळलं, ते बरोबर आहे. त्यांनी एकही महिना चुकवलेला नाही. भाडं माझ्याकडे आहे. शब्दकोशांच्या मागे नऊ पाकिटं आहेत, एकही उघडलेलं नाही. पैसे मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं, त्यांचे कधी कमी भरत नाहीत.

पावत्या त्यांनी पुन्हा खिशात ठेवल्या. ते म्हणाले, "या पावत्या घेऊन मी सरळ वकिलाकडे जाणार होतो. पण बायको म्हणाली, आधी त्यांना विचारा, काहीतरी कारण असेल." मग त्यांनी विचारलं, "कारण होतं का?"

"होतं."

"मोठं होतं?"

"मला वाटलं होतं."

त्यांनी मान हलवली. डॉक्टरानं वाईट साचा पाठवला की हलवतात तशी, न रागावता. उठताना म्हणाले, "मग भावाला तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर ती तक्रार होईल."

म्हणून लिहिते आहे. सहा दिवस लागले. पाच मसुदे फाडले, कारण त्या सगळ्यांत मी फार चांगली दिसत होते.

जूनमध्ये माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं कोणी नाही. पंधरा दिवस पट्टी होती, पुढे पंधरा दिवस बाहेर पडायची मनाई. जूनचं पाकीट पर्समध्ये चष्म्याच्या घराखाली राहून गेलं. मुद्दाम नव्हे, अगदी शपथेवर सांगते, जरी माझ्या शपथेला सध्या फारसा भाव नसला तरी. मनाई संपली, पाकीट सापडलं, दुसऱ्या दिवशी बँकेत जाणार होते. आणि तुझं पत्र आलं.

साडेपाच वर्षं मी पाच तारखेला पावती दिली आणि सहा तारखेला बँकेत गेले. सगळं वेळच्या वेळी. तुझ्याकडून एक ओळ नाही. मी तुला दोष देत नाही, तक्रारीला जागाच नव्हती, लिहिणार काय तू. आणि एकदा, फक्त एकदा, खंड पडला तर तू विचारलंस, तू बरी आहेस ना. मी बँकेत गेले नाही. म्हटलं, या महिन्यात नको.

मग पूर्वपक्ष उभा केला. शाळेत संस्कृतच्या गुरुजींनी शिकवलं होतं की समोर प्रतिवादी नसेल तर त्याचं म्हणणं आपणच मांडायचं, आणि ते जितकं जोरकस मांडू तितका वाद रंगतो. मी एक लबाड भाडेकरू मांडला. फार जोरकस झाला तो. तुला आवडला. तुझी पानं वाढली. प्रत्येक पत्रात मी त्याला आणखी थोडा लबाड करत गेले आणि तू आणखी थोडा जवळ आलास. तू डिसेंबरात येणार असं लिहिलंस, तेव्हा ठरवलं की समोर बसवून सगळं सांगायचं, पाकिटं पुढे ठेवायची, मग तुला काय रागवायचं ते रागव. रागावण्यासाठी तरी त्याच खोलीत असशील. माझ्या त्या खेळात एक खराखुरा माणूस गादी पाठीवर घेऊन जिना चढत होता. त्याच्या नावावर मी काय काय जमा केलं आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी मागून उशी घेऊन चालत होते.

'कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं' असं तू लिहिलंस तेव्हा मी घाबरले होते. तुझं बरोबर होतं. पडद्याखालचे पाय बाबांचे होते. एकाच पायातला मोजा बाबांचा होता, शिंकही त्यांची, 'शनिवारी नक्की' हेही त्यांचंच. तू चार वर्षांचा होतास, तुझ्या कानावरून नुसतं गेलं असेल. दार उघडून "बाबा घरी नाहीत" म्हणायचं काम माझ्याकडे होतं. मी अकरा वर्षांची होते आणि ते मला फार चांगलं जमायचं.

तेव्हापासून जमतंय. आईच्या वेळीही जमलं.

ते आजवर तुला पुरतं सांगितलेलं नाही, आता सांगते. आई आजारी पडली तेव्हा तुझी नोकरी नवी होती. तिनं मला बजावलं, "त्याला हलवू नकोस." तू फोन करायचास आणि मी सांगायची, साधा ताप आहे. तीन आठवडे सांगितलं. एवढं तुला माहीत आहे. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं कवळी मागितली. तीन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, आता कशाला, टोचते ना तुला. म्हणाली, "तो येईल. बोळक्या तोंडानं कशी दिसेन मी." मी कवळी धुतली, बसवली, आणि मग तुला फोन केला. तू तिथून निघेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि तोवर संपलं होतं. कवळी मीच काढून पुन्हा पेल्यात ठेवली.

हलवू नकोस म्हणाली होती ती तोंडानं. मनातून रोज दाराकडे बघत होती. अक्षरामागचा अर्थ लावण्यावर माझं पोट चालतं, आणि समोर पडलेली आई मला वाचता आली नाही. 'तू मला सांगितलं नाहीस' असं तू म्हणालास, ते एकच वाक्य बोलून परत गेलास. मी तेव्हा आईचं नाव पुढे केलं. तिनं मनाई केली होती, हे खरंच होतं. पण कवळीचं सांगितलं नाही. तुला ते सोसणार नाही म्हणून नव्हे. मला सोसणार नव्हतं म्हणून.

पहिल्यांदा तुझ्यापासून लपवलं ते तिच्या सांगण्यावरून. दुसऱ्यांदा माझ्या मनानं. दोन्ही वेळा कारण मोठं वाटलं होतं.

आता काय झालं ते. नऊही पाकिटं काल बँकेत भरली. कारकुनानं विचारलं, एवढी पाकिटं कसली? म्हटलं, भाड्याची. तिथून वकिलाकडे गेले. तरुण माणूस आहे, माझी पत्रं त्याच्या फायलीत क्रमानं लावलेली होती. मी म्हटलं, यातलं भाडेकरूविषयीचं काहीही खरं नाही. त्यानं विचारलं, "मग यात थकबाकीदार कोण?" म्हटलं, मी. तसं लेखी दिलं आहे. नोटीस मागे घेतल्याचं पत्र त्यानं दिलं, ते मी स्वतः दातवाल्यांकडे पोचवलं. त्यांच्या बायकोनं आत बोलावलं, चहा केला, विषय काढला नाही. मी खिडकीकडे बघत बसले. खरंच पडदा नाही. फळीवर नऊ कवळ्या होत्या आणि पहिल्यांदाच त्या मला हसताना दिसल्या नाहीत, नुसते दात दिसले.

घर तुझं आहे, विकायचं तर वीक. फक्त त्यांना पुरेसा वेळ दे, आणि दोन ओळी त्यांना लिही, की मालकाची काही तक्रार नाही. पुढच्या घरी ते दाखवता येईल. मला हे माझ्यासाठी मागायचा हक्क नाही, त्यांच्यासाठी आहे.

आईची खोली मी अजून आवरलेली नाही. कवळी पेल्यात आहे. पाणी बदलते.

शेवटचं. सोबत पावतीपुस्तकातलं एक कोरं पान जोडलं आहे. नऊ पावत्या मी दिल्या, ही दहावी मला हवी आहे. 'जून ते फेब्रुवारीचं भाडं मिळालं', तारीख, सही, एवढंच. मी बरी आहे का, ते विचारू नकोस. त्या प्रश्नाचं काय करायचं ते मला कळत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. वर 'ताई' लिहिलं नाहीस तरी चालेल. पण पावती पाठव. ती हातात नसली की दिलेलंच पुन्हा द्यावं लागतं, आणि किती वेळा, ते मागणाऱ्यावर असतं. हे आपल्या घरात मशीनखाली बसून तूच ऐकलं आहेस.

ताई